थिएटरमध्येच घडलेली यादी

जगभरातल्या शस्त्रक्रिया सुरक्षित करण्यासाठी तयार केलेली यादी पहिल्याच ऑपरेशन थिएटरमध्ये आपटली. साल होतं २००७. बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमधले सर्जन डॉ. अतुल गावंडे यांनी ती दुसऱ्या कुणाच्या हाती देण्याआधी स्वतःच्या थिएटरमध्ये वापरून पाहायचं ठरवलं होतं. भूल देण्याआधी सिस्टरनी कागद घेतला आणि भराभर खुणा करायला सुरुवात केली. प्रश्न मोठ्याने विचारायचे की मनातल्या मनात तपासून खूण करायची, हे कागदावर लिहिलेलंच नव्हतं. मोठ्याने वाचायचं ठरलं, तेव्हा काही मुद्दे नेमके कशाबद्दल आहेत हेच स्पष्ट होईना. शिवाय यादी लांबलचक होती. टेबलावर पेशंट आणि भोवतीची सगळी मंडळी कागद संपायची वाट पाहत ताटकळलेली. दिवस संपेपर्यंत तिचा वापर थांबलाही होता.

पुढच्या दोन वर्षांत याच यादीचं सुधारलेलं रूप आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत वापरलं गेलं आणि तिथे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

कामाच्या जागी काही नवं आणायचं म्हटलं की आपल्याकडे आधी समिती बसते. मसुदा फिरतो, शेरे येतात, पुन्हा मसुदा फिरतो. सगळं नीट बसलं की मग सुरू करू, असं म्हणण्यात जबाबदारीची भावना असते हेही खरं. पण काही पद्धती टेबलावर बसून पूर्ण होतच नाहीत. त्यांच्यातले दोष वापरल्याशिवाय दिसत नाहीत. शस्त्रक्रियेच्या या यादीची हकीकत म्हणून महत्त्वाची आहे. अपुरी पद्धत कामाला लावता येते आणि कधी कधी तसंच करावं लागतं, हे ती दाखवते. त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते, हेही ती तितक्याच स्पष्टपणे दाखवते.

गावंडे हे नाव मराठी वाचकांना परकं नाही. अतुल यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अथेन्स या छोट्या गावात त्यांनी युरॉलॉजिस्ट म्हणून आयुष्य काढलं. त्यांच्या आईच्या नावाचं गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय उमरखेडला आहे.

शस्त्रक्रियांमुळे होणारे टाळता येण्याजोगे मृत्यू कमी कसे करायचे, हा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेने गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे ठेवला होता. जगात तेव्हा वर्षाला सुमारे २३ कोटी ४० लाख मोठ्या शस्त्रक्रिया होत असल्याचा त्यांचा अंदाज होता. जिवावर बेतणाऱ्या चुका बहुतेक वेळा अगदी साध्या असत. अँटिबायोटिक द्यायचं राहून जायचं, किंवा इतकं आधी दिलं जायचं की छेद घेईपर्यंत त्याचा असर ओसरलेला असायचा. रक्तस्राव होणार हे सर्जनला माहीत असायचं, पण रक्ताची सोय आहे की नाही हे कुणी विचारलेलं नसायचं. पोटात मॉप राहून जायचा. काय करायला हवं हे थिएटरमधल्या प्रत्येकाला शिकवलेलं होतं; ते प्रत्येक वेळी, प्रत्येक पेशंटसाठी होत नव्हतं.

बोस्टनमधल्या फजितीनंतर गावंडे सिएटलजवळ बोइंगमध्ये गेले. वैमानिकांच्या याद्या तयार करणारे डॅनियल बूरमन यांना ते भेटले. विमान उद्योगाला याद्यांची सवय फार जुनी. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं नवं मॉडेल २९९ उड्डाण करताच कोसळलं. यंत्रात बिघाड नव्हता. शेपटीकडच्या हलत्या पट्ट्यांचं कुलूप काढायचं अनुभवी वैमानिक विसरला होता. एका माणसाच्या स्मरणशक्तीच्या भरवशावर उडवण्याइतकं ते विमान सोपं राहिलेलं नव्हतं. त्यातून वैमानिकांसाठी छोट्या याद्या आल्या.

बूरमन यांच्याकडून मिळालेले धडे व्यवहारी होते. यादी कधी थांबून वाचायची तो क्षण पक्का हवा. एका थांब्यावर पाच ते नऊ मुद्दे पुरेत. मिनिट-दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला की माणसं मुद्दे गाळू लागतात. आणि यादी कितीही विचार करून लिहिली तरी पहिला मसुदा फसतोच. म्हणून ती सिम्युलेटरमध्ये वैमानिकांच्या हाती द्यायची, कुठे अडखळतात ते पाहायचं आणि पुन्हा लिहायची. बोइंगमध्ये मसुदा फसणं हा कामाचाच भाग धरला जात होता. डॉक्टरांच्या जगाला ही गोष्ट नवी होती.

मग कागदावर कात्री चालली. थिएटरमध्ये आग लागू शकते. तो मुद्दा यादीत असावा की नसावा? आग भयंकर, पण फार विरळा. जंतुसंसर्ग, रक्तस्राव आणि भुलेतल्या गडबडी यांनी त्याहून कितीतरी जास्त माणसं दगावतात. आगीचा मुद्दा वगळला गेला. हा निर्णय सोपा नव्हता, कारण सोडलेल्या मुद्द्यामुळे उद्या एखादा जीव जाऊ शकतो हे सगळ्यांना कळत होतं. पण सगळं सामावून घेणारी यादी कुणी वाचत नाही. ती अपुरी ठेवणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

अखेर एका पानावर १९ मुद्दे आणि तीन थांबे उरले. पहिला भूल देण्याआधी, दुसरा छेद घेण्याआधी, तिसरा पेशंट थिएटरबाहेर जाण्याआधी. पेशंट तोच ना, शस्त्रक्रियेची जागा तीच ना, त्यावर खूण आहे ना? कशाची ॲलर्जी? पल्स ऑक्सिमीटर लावलाय आणि चालतोय ना? अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जाण्याची शक्यता आहे का? गेल्या तासाभरात अँटिबायोटिक दिलं का? शेवटी मॉप, सुया आणि अवजारं मोजून झाली का? कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ छापली होती: ही यादी सर्वसमावेशक नाही, आपापल्या रुग्णालयाच्या पद्धतीप्रमाणे तिच्यात भर घालावी, बदल करावेत.

दुसऱ्या थांब्यावरचा एक मुद्दा औषधाचाही नाही आणि अवजाराचाही नाही. थिएटरमधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. अनेक सर्जनांना हे पोरकट वाटलं. पण मोठ्या रुग्णालयात एका टेबलाभोवती जमलेली माणसं पुष्कळदा एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत. जॉन्स हॉपकिन्समधल्या अभ्यासात असं दिसलं होतं की सुरुवातीला नाव सांगण्याची आणि शंका मांडण्याची संधी मिळालेल्या परिचारिका पुढे काही चुकत असेल तर बोलायला कचरत नाहीत. एकदा तोंड उघडलेलं असलं की दुसऱ्यांदा उघडणं सोपं जातं. आपल्याकडे सर्जनला 'सर'शिवाय हाक मारली जात नाही आणि कनिष्ठाने मध्येच बोलणं उद्धटपणा ठरतो. त्यामुळे हा मुद्दा इथे जितका गरजेचा, तितकाच अमलात आणायला कठीण.

ऑक्टोबर २००७ ते सप्टेंबर २००८ या काळात आठ शहरांत हा प्रयोग चालला: सिएटल, टोरोंटो, लंडन, ऑकलंड, मनिला, अम्मान, टांझानियातलं इफाकारा आणि नवी दिल्ली. दिल्लीत सेंट स्टीफन्स हॉस्पिटलची निवड झाली होती. एकीकडे अत्याधुनिक विद्यापीठ रुग्णालयं, दुसरीकडे राजधानीपासून शेकडो मैलांवरचं, कच्च्या रस्त्याने गाठावं लागणारं इफाकारा. सगळीकडे एकदम सुरू करायचं नाही, आधी एका थिएटरमध्ये चालवायचं, तिथल्या अडचणी निस्तरायच्या आणि मग पुढे जायचं, असं ठरलं होतं.

या काळातच एक लक्षवेधी गोष्ट घडली. अभ्यास संपायला तीन महिने बाकी असताना, जून २००८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने ही यादी जगासमोर ठेवलीसुद्धा. हाती होते ते सुमारे हजार पेशंटचे प्राथमिक आकडे. त्यांत सुरक्षिततेचे मूलभूत निकष पाळले जाण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेलेलं दिसत होतं. मृत्यू कमी झाले का, याचं पक्कं उत्तर तेव्हा नव्हतं. घाई झाली का? या लेखकाच्या मते नाही. यादीतली प्रत्येक गोष्ट आधीपासूनच योग्य मानली गेलेली होती. त्यात नवं औषध नव्हतं, नवं यंत्र नव्हतं. चुकलंच तर दोन-तीन मिनिटं वाया जाणार होती. नव्या औषधाला हा न्याय लावता येणार नाही आणि लावूही नये.

जानेवारी २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल छापून आले. यादीआधीचे ३,७३३ आणि यादीनंतरचे ३,९५५ पेशंट. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, गंभीर गुंतागुंतीचं ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. थिएटरमधल्या कर्मचाऱ्यांनाही विचारलं होतं. सुमारे २० टक्क्यांना यादी सोपी वाटली नव्हती, वेळ खाते अशी त्यांची तक्रार होती. पण तुमच्यावर शस्त्रक्रिया व्हायची असेल तर ही यादी वापरली जावी असं वाटतं का, या प्रश्नावर ९३ टक्के जण हो म्हणाले.

आकड्यांइतकंच महत्त्वाचं म्हणजे यादीने उघडकीला आणलेले दोष. बऱ्याच रुग्णालयांत अँटिबायोटिक वॉर्डात दिलं जाई आणि पेशंट थिएटरमध्ये पोहोचायला उशीर झाला की त्या डोसाचा उपयोग राहत नसे. यादी प्रत्येक पेशंटच्या वेळी तोच प्रश्न विचारू लागली, तेव्हा औषध थिएटरमध्येच देण्याची पद्धत पडली. पल्स ऑक्सिमीटरची तीच कथा. बोटाला लावायचं हे उपकरण जगातल्या सुमारे ७७ हजार थिएटरमध्ये नाही, असा अंदाज २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. उपकरणच नाही तर खूण कशावर करणार? पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, स्वस्त आणि टिकाऊ ऑक्सिमीटर पुरवण्यासाठी लाइफबॉक्स ही संस्था उभी राहिली. ऑक्सिमीटर सगळीकडे पोहोचल्यावरच यादी काढू, असं ठरलं असतं तर ही उणीव आणखी किती वर्षं झाकलेली राहिली असती, कोण जाणे.

याआधीचं एक उदाहरण आयसीयूमधलं आहे आणि ते अधिक जवळून पाहण्यासारखं आहे. २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत नळी घालताना होणारा जंतुसंसर्ग रोखण्यासाठी पाच पायऱ्या लिहिल्या. हात धुवा. त्वचा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने स्वच्छ करा. पेशंटच्या अंगावर निर्जंतुक कापड घाला. मास्क, टोपी, गाऊन आणि हातमोजे घाला. शेवटी निर्जंतुक ड्रेसिंग करा. यात नवं काहीच नव्हतं. त्यांनी आधी महिनाभर परिचारिकांना नुसतं पाहायला सांगितलं. एक तृतीयांशाहून अधिक पेशंटच्या बाबतीत डॉक्टर निदान एक पायरी गाळत होते. मग त्यांनी रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडून परिचारिकांना एक अधिकार मिळवून दिला: पायरी गाळली गेली तर डॉक्टरला थांबवायचं. बदल घडवला तो या अधिकाराने. नळी घातल्यावर दहा दिवसांत होणाऱ्या संसर्गाचं प्रमाण वर्षभरात ११ टक्क्यांवरून शून्यावर आलं.

मग हाच प्रयोग मिशिगन राज्यातल्या शंभरहून अधिक आयसीयूंमध्ये झाला. तिथे पहिल्याच टप्प्यावर कळलं की एक तृतीयांशाहूनही कमी आयसीयूंमध्ये क्लोरहेक्सिडीनचा साबण होता. पाचांपैकी एक पायरी साधनाअभावीच अशक्य होती. प्रत्येक युनिटसाठी रुग्णालयाचा एक वरिष्ठ अधिकारी नेमलेला होता. त्याने महिन्यातून एकदा तरी तिथे जायचं आणि अडचणी ऐकायच्या. साबणाची खरेदी अशाच पाठपुराव्यातून झाली. डॉक्टरने कितीही आठवणी करून दिल्या असत्या तरी खरेदी विभागाचा कागद हलला नसता. २००६ च्या अखेरीस छापून आलेल्या निकालांत या आयसीयूंमधल्या संसर्गाच्या दराचा मध्यांक शून्यावर आलेला होता.

याच प्रकल्पावर २००७ च्या अखेरीस एक गंभीर आक्षेप आला. हे संशोधन आहे, पेशंटची लेखी संमती कुठे आहे, असं म्हणत अमेरिकेच्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाने काम थांबवायला लावलं. डॉक्टरांमध्ये संताप उसळला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये कार्यालयाने काम चालू ठेवायला हरकत नसल्याचं जाहीर केलं. आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. अपुरी पद्धत माणसांवर वापरताना तिचा धोका कोण उचलतंय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. हात धुण्याच्या बाबतीत त्याचं उत्तर सोपं आहे. सगळीकडे ते तितकं सोपं नसतं.

निकाल चांगले म्हटल्यावर सरकारांनी यादी उचलून धरली. इंग्लंडमध्ये वर्षभरात ती सर्वत्र लागू करण्याचे आदेश निघाले. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने २०१० पासून रुग्णालयांना यादी किती टक्के वापरली हे जाहीर करणं सक्तीचं केलं. जवळजवळ सगळ्यांनी ९८ ते १०० टक्के असं कळवलं. २०१४ मध्ये १०१ रुग्णालयांच्या आकड्यांचा अभ्यास आला. यादी सुरू होण्याआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने यांची तुलना केली, तर मृत्यू ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ टक्क्यांवर, संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाहीच. गुंतागुंत जवळपास होती तिथेच.

कागद तोच होता. फरक तो आणण्याच्या रीतीत होता. आठ शहरांत यादी एका थिएटरपासून सुरू झाली, तिथल्या माणसांनी ती वाकवली, आणि तिचा परिणाम मोजणारी माणसं शेजारी उभी होती. ओंटारिओत ती वरून, तयार मालासारखी आली आणि मोजल्या गेल्या त्या फक्त खुणा. तीन महिन्यांत एवढ्या मोठ्या बदलाची अपेक्षा करणंही रास्त नव्हतं, असं अनेकांनी तेव्हाच म्हटलं होतं आणि त्यात तथ्य आहे. स्कॉटलंडमध्ये २००० ते २०१४ या दीर्घ काळाचा हिशेब केला, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू तिथे लक्षणीय घटलेले दिसले. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात सक्ती नव्हती. रुग्णालयांनी स्वेच्छेने यायचं, एकेका सर्जनशी बोलायचं, यादी आपल्याला जमेल तशी बदलायची आणि थोड्यापासून सुरुवात करायची. जी १४ रुग्णालयं हा कार्यक्रम शेवटपर्यंत पार पाडू शकली, तिथे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू २२ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं.

भारतातला धडा सगळ्यांत कठोर आहे. शस्त्रक्रियेच्या यादीच्या धर्तीवर बाळंतपणासाठी यादी तयार झाली आणि २०१० मध्ये तिची चाचणी कर्नाटकात, बेळगावजवळच्या गोकाकच्या सरकारी रुग्णालयात झाली. बाळंतपणाच्या वेळी करायच्या २९ गोष्टींपैकी आधी सरासरी १० होत होत्या, नंतर २५ होऊ लागल्या. एका रुग्णालयातलं हे यश पाहून उत्तर प्रदेशात भव्य चाचणी आखली गेली. २४ जिल्हे, १२० आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून अधिक बाळंतिणी. प्रशिक्षित परिचारिका आठ महिने केंद्रांना भेटी देत, शेजारी उभ्या राहून शिकवत. दोन महिन्यांनी पाहिलं तेव्हा यादीच्या केंद्रांत ७३ टक्के आवश्यक गोष्टी होत होत्या, इतर केंद्रांत ४२ टक्के. भेटी थांबल्यानंतर, बाराव्या महिन्यात, ७३ चे ६२ झाले. आणि माता व नवजात बालकांच्या मृत्यूंत किंवा मातांच्या गंभीर गुंतागुंतीत फरक आढळला नाही.

हे अपयश होतं आणि ते अपयश म्हणूनच प्रसिद्ध केलं गेलं, याचं मोल मोठं आहे. हात धुतले गेले, ताप मोजला गेला, पण बाळ गुदमरलं तर त्याला श्वास देण्याचं कौशल्य, वेळेवर सिझेरियनसाठी पुढे पाठवण्याची सोय, रक्त, या गोष्टी यादीतून निर्माण होत नाहीत. ऑक्सिमीटर आणि साबण यांची उणीव दिसल्यावर कुणीतरी त्या वस्तू आणून दिल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता एकटी असलेली सिस्टर कुणाला सांगणार?

ते निकाल डिसेंबर २०१७ मध्ये आले. त्याच महिन्यात केंद्र सरकारने प्रसूतिगृहांसाठी 'लक्ष्य' कार्यक्रम सुरू केला. त्यात बाळंतपणाची यादी आहे, पण ती एकटी नाही. प्रसूतिगृहाची जागा, साधनं आणि मनुष्यबळ यांचे निकष, कर्मचाऱ्यांच्या कौशल्याची तपासणी आणि गुणवत्तेचं मूल्यमापन तिच्या जोडीला आहे. सगळ्या सुधारणा एकदम करण्याऐवजी दोन-दोन महिन्यांच्या फेऱ्या ठरवल्या आहेत आणि प्रत्येक फेरीत ठरावीक विषय हाती घ्यायचा आहे. पहिल्या फेरीचा विषय आहे कळा चालू असतानाच पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपणाच्या प्रगतीचा आलेख, भरणं. बाळंतपण उरकल्यावर मागाहून आलेख पूर्ण करून ठेवण्याची प्रसूतिगृहांतली जुनी सवय मोडण्यापासून ही सुरुवात आहे.